‘सेड’ला ‘रेड’ की ‘पेड’? एका प्रश्नाच्या फेरतपासणीचं प्रकरण

तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, इंग्रजीची घटक चाचणी. प्रश्न तीन गुणांचा: दिलेल्या सहा शब्दांना यमक जुळणारा प्रत्येकी एक शब्द लिहा. शब्द होते सेड, कम, बेअर (अस्वल), एट (आठ), ब्लू आणि हार्ट. प्रत्येकाला अर्धा गुण.

एका मुलीने लिहिलं होतं: सेड–रेड, कम–ड्रम, बेअर–चेअर, ब्लू–शू, हार्ट–कार्ट. आठला तिने ‘खाल्लं’ या अर्थाचा एट जोडला होता. तिला अर्धा गुण मिळाला, तोही फक्त हार्ट–कार्टचा. तिच्याच बाकाच्या मागे बसणाऱ्या मुलाची उत्तरं होती सेड–पेड, कम–होम, बेअर–निअर, एट–हाइट, ब्लू–ग्लू, हार्ट–पार्ट. त्याला पैकीच्या पैकी.

पेपर तपासणारे सर गणिताचे. इंग्रजीचं एक पद रिकामं असल्यामुळे त्या तुकडीचा गठ्ठा त्यांच्याकडे गेला होता. त्यांनी नेमून दिलेलं काम मन लावून केलं होतं आणि सगळ्या पेपरांना एकच नियम लावला होता: दोन शब्दांची शेवटची तीन अक्षरं सारखी असतील तर यमक. सेड आणि पेड दोन्हींच्या शेवटी ए-आय-डी. कम आणि होमच्या शेवटी ओ-एम-ई. बेअर आणि निअरच्या शेवटी ई-ए-आर. आठचं तर अख्खं स्पेलिंगच हाइटच्या पोटात आहे, आधी फक्त एक एच. नियम स्वच्छ होता आणि सगळ्यांना सारखाच लावला होता, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच नव्हता. पण इंग्रजी यमकाला तो लागू पडत नाही.

मुलगी पेपर घेऊन सरांकडे गेली तेव्हा भांडली नाही. ती इतकंच म्हणाली, “सर, तुम्ही एकदा मोठ्याने म्हणून बघा ना.” सरांनी म्हणून पाहिलं आणि दोन्ही पेपर घेऊन ते माझ्याकडे आले. दुसऱ्या तुकडीला इंग्रजी मी शिकवते.

सहापैकी पाच

यमक ऐकण्याची गोष्ट आहे, पाहण्याची नाही, एवढं कोणीही मान्य करेल. पण कागदावरच्या उत्तराला गुण देताना तपासणाऱ्याच्या हातात असतं ते फक्त स्पेलिंग, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मराठीत ही वेळ सहसा येत नाही, कारण आपण बहुतेक जसं बोलतो तसंच लिहितो. पाणी–राणी डोळ्यांना जुळतं तसंच कानालाही. इंग्रजीत लेखन एका काळात गोठलं आणि उच्चार पुढे चालत राहिले.

मग मी साधी गोष्ट केली. सगळे शब्द स्पेलिंग बाजूला ठेवून देवनागरीत लिहून काढले. कम, ड्रम, होम. बेअर, चेअर, निअर. एट, हाइट. ब्लू, शू, ग्लू. हार्ट, कार्ट, पार्ट. कागदाकडे पाहताच सरांच्या लक्षात आलं की कम–होममध्ये ‘म’शिवाय काहीच जुळत नाही, आणि ब्लू–शूमध्ये स्पेलिंगचा शेवट वेगळा असूनही ‘ऊ’ अगदी तोच आहे. इंग्रजीतले ध्वनी कागदावर उघडे करून दाखवणारी लिपी आपल्या मुलांना पहिलीपासून येते. तिचा वापर इंग्रजीच्या तासाला चोरून करायचा नसतो, उघड करायचा असतो, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरी लिहिणाऱ्या मुलाला आपण ओरडतो. पण यमक शोधायचं असेल तेव्हा त्या पेन्सिलीइतकं सोपं दुसरं साधन त्याच्याकडे नाही.

खरं तर सरांनाही हे आधीपासून माहीत होतं. ‘ट्विंकल ट्विंकल’ त्यांनी आपल्या मुलीला शंभरदा म्हणून दाखवलं असेल. त्यात स्टारला आर जुळतो आणि हायला स्काय, आणि दोन्ही जोड्यांची स्पेलिंगं एकमेकांशी मेळ खात नाहीत. काळ्या मेंढीच्या गाण्यात वूलला फुल जुळतं. ही गाणी मुलं स्पेलिंग शिकण्याआधी कानाने शिकतात, आणि तेव्हा त्यांना यमक बरोबर कळतं. स्पेलिंग आल्यावर ते बिघडतं.

स्पेलिंगच्या शेवटावरून यमक शोधण्याचा मोह फार जुना आहे. इंग्रजीतला गाजलेला यमककोश १७७५ साली लंडनमध्ये निघाला. तो जॉन वॉकर यांनी केला होता. ते आधी नट होते, नंतर वक्तृत्वाचे शिक्षक झाले. त्यांनी शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावले, म्हणजे ज्यांचा शेवट सारखा ते शब्द शेजारी. त्या रचनेत सेड, पेड, मेड एकाच ठिकाणी येतात, जसे सरांच्या नियमात आले. पण वॉकर उच्चारांचे जाणकार होते (पुढे १७९१ मध्ये त्यांनी उच्चारकोशही केला), म्हणून त्यांना मागे एक वेगळी सूची जोडावी लागली. कोणते शब्द पूर्ण जुळतात आणि कोणते चालवून घ्यायचे, हे ती सूची सांगते. स्पेलिंगवर बांधलेल्या कोशाला शेवटी कानाचाच आधार घ्यावा लागला.

ही अक्षरं अशी का

मुलं विचारतातच: उच्चार वेगळे, तर मग स्पेलिंग सारखं का ठेवलं? उत्तर दिलं तर त्यांना ते लक्षात राहतं, म्हणून इथे थोडं थांबते.

कम आणि होमचं उदाहरण घेऊ. कम, सम, सन (मुलगा), लव्ह या शब्दांत पूर्वी ‘उ’ होता आणि जुन्या इंग्रजीत तो यू या अक्षराने लिहिलाही जात असे. पुढे हस्तलिखितांच्या वळणदार लिपीत यू, एन, एम, व्ही ही सगळी अक्षरं उभ्या छोट्या रेघांची झाली. अशा चार-पाच रेघा शेजारी आल्या की वाचणं अवघड होई, म्हणून नकलाकार तिथे यूऐवजी ओ लिहू लागले, असं स्पष्टीकरण अभ्यासक देतात. होममधला ओ मात्र खरोखर ओ होता. आज दोन्हीकडे तेच अक्षर दिसतं, पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

बेअर–निअरची गोष्ट स्वरांच्या मोठ्या बदलाची. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने त्याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना १४७६ साली सुरू केला, म्हणजे हा बदल चालू असतानाच. छापलेल्या पुस्तकांनी स्पेलिंग हळूहळू पक्कं केलं आणि उच्चार मात्र सरकत गेले. त्यातही सगळे शब्द सारखे सरकले नाहीत. निअर, फिअर, इअर ‘ई’कडे गेले, बेअर, पेअर (नासपती), वेअर, स्वेअर मागे राहिले. ग्रेट, ब्रेक, स्टेक हेही असेच मागे राहिलेले.

जुन्या इंग्रजी कवितांत डोळ्यांना जुळणारी पण कानाला खटकणारी यमकं भेटतात, त्यातली काही याच कारणाने. शेक्सपिअरच्या ११६व्या सुनीतात शेवटच्या दोन ओळींत प्रूव्ह्डला लव्ह्ड जुळवलं आहे. आज ते जुळत नाही, पण त्याच्या काळच्या उच्चारात जुळत असावं. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी त्या काळचे उच्चार बसवून दिले आणि २००४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे प्रयोग त्या उच्चारांत झाले. म्हणून पाठ्यपुस्तकातल्या जुन्या कवितेतून यमकाची जोडी काढायला सांगितली तर कवीने जुळवलेली जोडी बरोबर धरावीच लागते, आजच्या कानाला खटकली तरी. स्वतः शब्द शोधायचा असेल तर मात्र आजचाच उच्चार चालतो. आमच्या चाचणीतला प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा होता.

‘सेड’चा पेच

आता उरलेला सहावा शब्द. या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच.

देवनागरीत लिहून पाहा: सेड, रेड, पेड. तिन्ही सारखेच दिसतात! मुलीचं रेड बरोबर, मग मुलाचं पेड चूक कसं, हे माझी लिपी दाखवू शकत नाही. सरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं आणि ते रास्त होतं.

कारण इंग्रजीत इथे दोन वेगळे स्वर आहेत. रेड, बेड, हेड, पेन यांतला ए आखूड आणि मोकळा. पेड, लेट, गेट, रेन यांतला ए लांब, शेवटी ‘इ’कडे वळणारा, जवळपास ‘एइ’. मराठीत ए एकच आहे, आणि तो लांब की आखूड यावर अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान हा फरक ऐकूनही नोंदवत नाही. सेड हा शब्द फसवतो तो याहून जास्त, कारण त्याचं कुळ पेडचंच आहे. से–सेड, पे–पेड, ले–लेड, तिन्ही एकाच पद्धतीने बनलेले. पण से हा रोजच्या बोलण्यात सतत येणारा शब्द. त्याचं भूतकाळी रूप घाईच्या बोलण्यात आखूड झालं आणि तसंच रूढ झालं. स्पेलिंग मात्र भावंडांसारखंच राहिलं.

यावर मी वर्गात एक खूण वापरते. आखूड ए नुसता ए लिहायचा, लांब ए ‘एइ’ असा लिहायचा. मग सेड, रेड, बेड, हेड एका बाजूला आणि पेइड, मेइड, अफ्रेइड दुसऱ्या बाजूला जातात. आठ म्हणजे एइट, त्याला लेइट, गेइट, वेइट, स्ट्रेइट. हे शुद्धलेखन नाही, वहीच्या समासातलं काम आहे. ओसाठीही तसंच ‘ओउ’ करता येतं: होउम, फोउम, कोउम (कंगवा).

अशीच खूण आणखी दोन-तीन ठिकाणी लागते. गुड आणि फूड मुलं हमखास जुळवतात. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिण्यात पाळतो पण बोलताना त्याने शब्द वेगळा होत नाही, म्हणून उ आणि ऊमधला फरक कानात बसवावा लागतो. गुडला वुड आणि शुड जुळतात. फूडला मूड आणि रूड. फिल आणि फीलचंही तेच. शेवटच्या स आणि झ यांतला भेद मात्र आपल्याला नीट ऐकू येतो, फक्त स्पेलिंगमधला एस पाहून मुलं गोंधळतात. आइजला (डोळे) राइस जुळत नाही, राइझ जुळतं.

संगणकावरची यमक शोधणारी साधनं हेच काम वेगळ्या खुणांनी करतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने केलेला उच्चारकोश त्यासाठी खूप वापरला जातो. त्यात १,३४,००० हून जास्त शब्द अमेरिकी उच्चारांसह दिले आहेत आणि सगळे उच्चार ३९ ध्वनींत बसवले आहेत. सेडचा स्वर तिथे ‘ईएच’ या खुणेने लिहिला आहे, पेडचा ‘ईवाय’ने. प्रत्येक स्वरापुढे आघाताचा, म्हणजे बोलताना त्यावर किती जोर येतो याचा, आकडा असतो: १ म्हणजे मुख्य आघात, २ दुय्यम, ० म्हणजे आघात नाही. यमक शोधताना शब्दाच्या शेवटाकडून आघाताच्या स्वरापर्यंत मागे यायचं, तिथपासून शेवटपर्यंतचे ध्वनी घ्यायचे आणि ज्या शब्दांचा तेवढा भाग हुबेहूब तोच असेल ते काढायचे. स्पेलिंगचा त्यात कुठेही संबंध येत नाही.

आघाताचा हा नियम मराठी मुलांना नवा असतो. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ यात पावसा–पैसा जुळतं ते फक्त शेवटच्या ‘सा’वर, आणि पुढच्या ओळीत खोटा–मोठा आपण आनंदाने जुळवतो, तिथे तर ट आणि ठ आहेत. आपल्या कानाला शेवटचं अक्षर पुरतं. म्हणून मुलं हॅपीला पपी लिहितात, सिस्टरला वॉटर लिहितात. इंग्रजीत आघात ‘हॅ’वर आहे, म्हणून ‘ॲपी’ इतकं सगळं जुळायला हवं: हॅपी–स्नॅपी. सिस्टरला मिस्टर जुळतं, वॉटरला डॉटर. आमच्या प्रश्नातले सहाही शब्द एका ठोक्याचे होते, त्यामुळे हा घोळ इथे झाला नाही. पण दुसऱ्या वर्गाच्या पेपरांत तो भरपूर सापडला.

उच्चार कुणाचा, हाही मुद्दा आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये स्वरानंतरचा र म्हणत नाहीत, म्हणून तिथल्या कवीला थॉट आणि सॉर्ट ही जोडी चालते. आपण र स्पष्ट म्हणतो, अमेरिकेतही म्हणतात, तेव्हा आपल्याला ती चालणार नाही. शाळेच्या परीक्षेत अशा सीमेवरच्या जोड्या दोन्ही बाजूंनी बरोबर धराव्यात.

आठ आणि खाल्लं

मुलीच्या एट–एटवर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. काटेकोर नियमाने यमकात आघाताच्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं. दोन्ही शब्द ऐकायला अगदी एकच असतील तर ते समोच्चारी शब्द, यमक नव्हे. ब्लू (निळा) आणि ‘फुंकलं’ या अर्थाचा ब्लू, सी (पाहणं) आणि सी (समुद्र) हे सगळे त्यातच येतात. शिवाय ब्रिटनमध्ये अनेक जण ‘खाल्लं’ला आखूड ए लावून एट म्हणतात. तो उच्चार धरला तर आठशी ते जुळतच नाही.

पण समोच्चारी यमक चूकच, असंही म्हणता येत नाही. फ्रेंच कवितेत ते मान्य आहे, आणि इंग्रजीत चौदाव्या शतकात कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या सुरुवातीलाच ‘शोधणं’ आणि ‘आजारी’ या अर्थांचे एकाच ध्वनीचे दोन शब्द जुळवले आहेत. आठवीच्या मुलीला हा बारकावा कुणी शिकवलेला नव्हता. तिने ऐकलं, जुळलं, लिहिलं.

निर्णय

मुलीला पूर्ण तीन गुण दिले. एट–एटपुढे मी समासात ‘लेट, गेट’ लिहिलं आणि तिला कारण सांगितलं.

मुलाचं ब्लू–ग्लू आणि हार्ट–पार्ट बरोबरच होतं. कम–होम, बेअर–निअर आणि एट–हाइटचे गुण काढले, कारण हे फरक मराठी कानाला लख्ख ऐकू येतात. तोंडाने एकदा म्हटलं असतं तर त्यालाही कळलं असतं, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतल्यावर कळलंच. सेड–पेडचा अर्धा गुण मात्र ठेवला. सरांना ते आवडलं नाही. चूक ती चूक, असं त्यांचं म्हणणं होतं. पण जो भेद त्याच्या भाषेत नाही आणि वर्गात शिकवलेला नाही, तो त्याला ऐकू आला नाही म्हणून गुण कापणं मला पटत नाही. आधी शिकवावं, मग कापावं. मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि तो अर्धा गुण ठेवला. मुलगा तीनवरून दीडवर आला. तो गप्प होता, पण नियम कळल्यावर त्याने स्वतःहून कमसाठी थम (अंगठा) शोधून काढला. त्या शब्दाच्या शेवटी न उच्चारलेला बी आहे, म्हणजे स्पेलिंगच्या नादाने तो शब्द त्याला कधीच सापडला नसता.

सगळा गठ्ठा पुन्हा तपासावा लागला. सरांनीच तो तपासला, प्रत्येक जोडी हळू आवाजात म्हणत, अडलं तिथे समासात देवनागरी लिहीत. पुढच्या चाचणीसाठी प्रश्नही बदलला. आता सहापैकी तीन शब्द लेखी आणि तीन तोंडी, तोंडीला मुलाने दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायचे. नमुना उत्तरांत प्रत्येक शब्दापुढे स्पेलिंग सारखं पण उच्चार वेगळा असलेले शब्द ‘ग्राह्य नाही’ म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे तपासणारा कोणत्याही विषयाचा असला तरी अडणार नाही. या यादीत ‘अगेन’पुढे मात्र दोन रांगा आहेत. हम्प्टी डम्प्टीच्या गाण्यात तो मेनशी (माणसं) जुळतो, म्हणजे आखूड ए. पण शब्दकोश एइचा उच्चारही देतात, तेव्हा रेन आणि ट्रेनही बरोबर. दोन्हींना गुण.